भुकेले स्पीकर आणि जुना अ‍ॅम्प्लिफायर

गेल्या वर्षी एका माजी विद्यार्थ्याने आपल्या मंडळाला घरचे हाय-फाय स्पीकर भेट दिले. जड लाकडी पेट्या, आवाज अगदी स्वच्छ. अ‍ॅम्प्लिफायर मात्र आपणच घ्यायचा होता. वर्गणी काढली आणि एका दुकानातून 'हजार वॅट' लिहिलेला स्वस्तातला जुना डबा आणला. कुमार गंधर्वांच्या भजनांच्या श्रवणसत्रात आवाज मागच्या बाकापर्यंत जाईना, म्हणून आम्ही बटण फिरवत गेलो. आवाज चिरका झाला आणि थोड्याच वेळात एका बाजूचा ट्वीटर कायमचा गप्प झाला. दुरुस्तीला डब्याच्या किमतीपेक्षा जास्त पैसे गेले. ती चूक पुन्हा कुणी करू नये, म्हणून हा लेख.

आधी स्पीकरची भूक ओळखायला हवी. स्पीकरच्या मागे किंवा माहितीपत्रकात डेसिबलमध्ये एक आकडा असतो, त्याला सेन्सिटिव्हिटी म्हणतात. एक वॅट दिला तर एक मीटरवर किती मोठा आवाज येईल, हे तो सांगतो. 90 असेल तर स्पीकर अल्पसंतुष्ट. 84 असेल तर खादाड. फरक फक्त सहाचा दिसतो, पण दर 3 डेसिबलला वॅट दुप्पट लागतात. म्हणजे तेवढ्याच आवाजासाठी चौपट ताकद!

आपल्या खोलीचा हिशेब करू. 84 चे दोन स्पीकर, प्रत्येकी एक वॅट आणि ऐकणारा तीन मीटरवर. त्याच्या कानाशी साधारण 80 डेसिबल पोहोचतील. बोलणं, कवितावाचन यांना एवढं पुरतं. पण तबल्याची थाप किंवा तार सप्तकातली तान क्षणभर 95 पर्यंत उसळली, तर त्या क्षणाला सुमारे 32 वॅट हवेत. 90 च्या स्पीकरला तिथे आठ पुरले असते.

ही क्षणिक उसळी झेपली नाही की अ‍ॅम्प्लिफायर ध्वनिलहरींचे शेंडे छाटतो. छाटलेल्या लहरीत उच्च कंपनांची भर पडते, ती नाजूक ट्वीटरकडे जाते आणि त्याची तार जळते. म्हणून स्पीकर फक्त जास्त ताकदीने जळतात असं नाही, कमी ताकदीचा अ‍ॅम्प ताणल्यानेही जळतात. आमचं नेमकं हेच झालं.

दुसरा आकडा ओहमचा. 8 ओहमच्या स्पीकरला 50 वॅट देताना अडीच अँपिअर प्रवाह लागतो. तोच व्होल्टेज 4 ओहमला दिला तर पाच अँपिअर. शिवाय '8 ओहम' लिहिलेला स्पीकरही काही स्वरांना बराच खाली उतरतो. त्या वेळी प्रवाह पुरवणारा ट्रान्सफॉर्मर दमदार हवा. नॅड कंपनीचा 3020 हा सत्तरच्या दशकाच्या शेवटी आलेला अ‍ॅम्प कागदावर जेमतेम 20 वॅटचा, पण अवघड स्पीकरही चालवतो म्हणून नावाजला गेला. म्हणजे छापील वॅटवर सगळं ठरत नाही. 'पीएमपीओ'चा आकडा तर सरळ विसरा. आरएमएस वॅट विचारा आणि ते 4 ओहमला किती, हेही विचारा. जुन्या पद्धतीचा अ‍ॅम्प उचलूनही बघा. हातात हलका लागला, तर आत मोठा ट्रान्सफॉर्मर नाही. (नव्या क्लास-डी यंत्रांना ही परीक्षा लागू नाही.)

आता बाजारात गेल्यावर काय बघाल?

1. मागचं लेबल वाचा. जपानमधून आलेला अ‍ॅम्प 100 व्होल्टचा, अमेरिकेतला 120 चा असतो. तो आपल्या 230 ला थेट लावलात तर धूर निघेल.

2. स्पीकर न जोडता अ‍ॅम्प सुरू करा आणि स्पीकरच्या टर्मिनलवर मल्टिमीटरने डीसी व्होल्टेज मोजा. दोन्ही बाजूंना 50 मिलिव्होल्टच्या आत असेल तर छान. शंभरच्या पुढे गेलं तर सावध व्हा. एक व्होल्टच्या घरात असेल तर स्पीकर लावूच नका.

3. सुरू केल्यावर काही सेकंदांनी 'टक्' असा आवाज येतो का ऐका. बऱ्याच चांगल्या अ‍ॅम्पमध्ये स्पीकर वाचवणारा रिले असतो, त्याचा तो आवाज.

4. मग एखादा साधा जुना स्पीकर लावून अर्धा तास वाजवा. बटण फिरवताना खरखर आली तर घाबरू नका, बहुतेक वेळा साफसफाईने जाते. पण सतत घूं घूं येत असेल, एक बाजू मंद असेल किंवा जळका वास येत असेल, तर नमस्कार करून निघा.

5. झाकण स्वतः उघडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये वीज साठलेली असते.

आणि एक, सगळे पैसे खरेदीत घालू नका. पंचवीस-तीस वर्षांच्या यंत्राचे कपॅसिटर बदलावे लागू शकतात. बजेटचा चौथा हिस्सा दुरुस्तीसाठी बाजूला ठेवा.

दुसऱ्या वेळी आम्ही भौतिकशास्त्र विभागातून मल्टिमीटर मागून नेला. सर देतात, फक्त वहीत नोंद करावी लागते. तीन अ‍ॅम्प नाकारले, चौथा घेतला. 60 वॅटचा, काळा, एका कोपऱ्यात पोचा आलेला. दोघांनी धरून जिन्यावरून वर आणला. त्या संध्याकाळी तीच भजनं पुन्हा लावली. बटण निम्म्यावरही न्यावं लागलं नाही आणि मागच्या बाकावर तानपुरा स्पष्ट ऐकू येत होता.