तिथीची पाऊणपट

वाशीम जिल्ह्यातल्या माणसाला पाणी कळतं ते नदीचं, विहिरीचं, फार तर धरणाचं. पैनगंगेत पोहायला शिकलेला गडी समुद्र दिसला की सदरा काढायला लागतो. पण नदीला एकच दिशा असते. ओढ लागली तरी आडवे हात मारत काठ गाठता येतो. समुद्र दिवसातून दोनदा चढतो, दोनदा उतरतो आणि वेळ रोज बदलतो.

मागे आम्ही चार मित्र दापोली तालुक्यातल्या हर्णैला गेलो होतो. समोर सुवर्णदुर्ग, वाळूवर मासळीचा लिलाव. संध्याकाळचे पाच वाजलेले. दोघे पँटी दुमडून पाण्याकडे निघाले, तेव्हा जाळं आवरणाऱ्या एका म्हाताऱ्यानं हटकलं, "आज चतुर्थी. तीनला भरली. आता पाणी बाहेर जातंय, तुम्हालाही नेईल."

घड्याळ न बघता हे कसं सांगितलं? हिशेब सोपा आहे. तिथीला पाऊणनं गुणायचं, भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमेला किंवा अमावास्येला सव्वाअकरा. शुद्ध असो की वद्य, गणित तेच. साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. चंद्राच्या महिन्यात तीस तिथ्या. चोवीस तासांना तीसनं भागलं की अठ्ठेचाळीस मिनिटं येतात. भरती रोज तेवढी मागे पडते, म्हणून पाऊण. हा अंदाज कोकण किनाऱ्यापुरता; दुसऱ्या किनाऱ्यावर तो चालायचा नाही.

मला गंमत वाटली. आमच्या घरीही महिना चंद्रावरच चालतो. हिजरी तारीख आणि तिथी यांत एखाद्या दिवसाचा फरक पडतो, एवढंच. रमजानचा चंद्र शोधायला गच्चीवर चढणाऱ्या माणसाला समुद्राचं वेळापत्रक निम्मं पाठच असतं म्हणायचं!

पौर्णिमा-अमावास्येला सूर्य-चंद्राची ओढ एका रेषेत येते. पाणी खूप चढतं आणि तितकंच खाली जातं, ते उधाण. अष्टमीच्या आसपास चढउतार कमी. त्याला भांग म्हणतात. १ फेब्रुवारी २०१६ रोजी रायगड जिल्ह्यातल्या मुरूडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले. आपल्याकडूनही शाळा-कॉलेजच्या सहली कोकणात जातात. बसमध्ये बसण्याआधी मुलांना ही पाऊणकी शिकवावी आणि पाण्यात उतरण्याआधी गावकऱ्यांना विचारायला सांगावं. ओढ लागलीच, तर तिच्याविरुद्ध किनाऱ्याकडे झगडू नये. दमछाक होते. किनाऱ्याला समांतर पोहत त्या पट्ट्यातून बाहेर पडावं आणि मग वळावं.

आम्ही कोरड्या पायांनी लिलाव बघितला, सुरमई आणि बांगडे घेतले आणि उतरलो होतो त्या घरी रांधायला दिले. मासळीला जबिहाची अट नाही, त्यामुळे परगावी माझी मोठी सोय होते. तिरफळ घातलेलं बांगड्याचं कालवण आमच्या वऱ्हाडी तिखटापुढे सौम्य वाटलं, पण त्याचा वास बोटांना दुसऱ्या दिवशीपर्यंत होता.

आमच्यातल्या एकाची संकष्टी होती. चंद्रोदय नऊच्या सुमारास. रोजा सोडायची घाई मला चांगली ठाऊक, म्हणून ताटं वाढू दिली नाहीत. चंद्र दिसला. त्यानं वरण-भात घेतला, सोलकढीचे तीन पेले रिचवले आणि जेवता जेवता बोटांवर मोजून सांगितलं, "उद्या पंचमी. पावणेचार."