गोळी आहे, पण कुठल्या डिमेन्शियावर?

घरातल्या मोठ्या माणसाला डिमेन्शिया झाल्याचं कळलं की पहिला प्रश्न ठरलेला: "डॉक्टर, यावर गोळी आहे ना?" आहे. पण आजार कुठल्या प्रकारचा, यावर तिचा उपयोग ठरतो.

गैरसमज: गोळीने गेलेली आठवण परत येते.

वस्तुस्थिती: नाही येत. अल्झायमरमध्ये मेंदूतलं ॲसिटिलकोलीन कमी पडतं. डोनेपेझिल, रिव्हास्टिग्मिन ही औषधं उरलेलं ॲसिटिलकोलीन टिकवून धरतात. पेशी मरायच्या थांबत नाहीत. चाचण्यांमध्ये ७० गुणांच्या मोजपट्टीवर, खोटी गोळी घेणाऱ्यांशी तुलना करता, सहा महिन्यांनी सरासरी फरक तीनेक गुणांचा. काहींना तेवढाही नाही. तरी "फरकच दिसत नाही" म्हणून गोळी परस्पर बंद करू नका; बंद केल्यावर काहींची घसरण वाढते.

गैरसमज: डिमेन्शिया म्हटला की औषध एकच.

वस्तुस्थिती: इथे घोटाळा महागात पडतो. लेवी बॉडी प्रकारात आजोबांना कोपऱ्यात मुलं बसलेली दिसतात, त्यांना चहा द्या म्हणून ते हट्ट धरतात. यात रिव्हास्टिग्मिन किंवा डोनेपेझिलने भास कमी होऊ शकतात. उलट, आरडाओरड थांबावी म्हणून हॅलोपेरिडॉलचं इंजेक्शन दिलं तर अंग आखडतं, शुद्ध हरपते, प्रसंगी जिवावर बेततं. म्हणून रात्री-अपरात्री रुग्णालयात न्यावं लागलं तर "लेवी बॉडी आहे" हे आधी सांगा, कागदावर लिहून ठेवलं तर उत्तम. फ्रंटोटेम्पोरल प्रकारात डोनेपेझिलसारख्या गोळ्यांचा उपयोग नाही, चिडचिड मात्र वाढू शकते. रक्तवाहिन्यांमुळे होणाऱ्या डिमेन्शियात खरी मदार रक्तदाब, साखर आणि तंबाखू सोडण्यावर.

गैरसमज: नव्या इंजेक्शनने अल्झायमर बरा होतो.

वस्तुस्थिती: अमेरिकेत २०२३ मध्ये पूर्ण मान्यता मिळालेल्या लेकानेमॅबने १८ महिन्यांत घसरण २७ टक्क्यांनी मंदावली. आकडा भारी वाटतो. १८ गुणांच्या मोजपट्टीवर तो अर्ध्या गुणाहूनही कमी आहे. तेही फक्त सुरुवातीच्या अल्झायमरमध्ये, आणि मेंदूला सूज किंवा रक्तस्राव होतो का हे पाहायला वारंवार एमआरआय करून.

जिन्को बिलोबाच्या कॅप्सूलवर पैसे घालवू नका. तीन हजारांवर ज्येष्ठांच्या चाचणीत तिने डिमेन्शिया टळला नाही.

पुढच्या भेटीला जाताना घरातल्या सगळ्या गोळ्यांची पिशवी सोबत न्या, झोपेच्या आणि सर्दीच्यासुद्धा. बी-१२ आणि थायरॉइडची तपासणी झाली नसेल तर ती मागून घ्या. विसराळूपणामागे कधी कधी हीच कारणं असतात, आणि त्यांवर इलाज आहे.