घंटा कोणाच्या हाती?

स्वित्झर्लंडच्या एंगाडिन खोऱ्यात १ मार्चला ‘चालांदामार्त्स’ हा सण असतो. शाळेची पोरे गुरांच्या घंटा वाजवीत, गाणी म्हणत गावभर फिरतात आणि हिवाळ्याला हाकलून लावतात.

सेलिना च्योन्झ यांच्या १९४५ सालच्या गोष्टीतला उर्सली याच मिरवणुकीतला. वाट्याला लहान घंटा आली, म्हणजे सर्वांच्या मागे चालणे आले. म्हणून तो मोठी घंटा आणायला बर्फ तुडवीत एकटाच डोंगरावरच्या झोपडीत जातो.

उर्सलीला निदान लहान घंटा तरी मिळाली. काही गावांत घंटा फक्त मुलग्यांच्याच हाती, मुलींनी नुसते पाहायचे, अशी रीत होती. आता अनेक गावांत मुलीही घंटा घेऊन चालतात. त्याने सण काही बुडाला नाही. वाचकहो, रीत माणसांनीच घातलेली असते. ती माणसांनाच सुधारता येते, असे आम्हांस वाटते.