तोच संगणक, की दुसरा?



आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाने संगणकाच्या दुरुस्तीवर बोलायला उभं राहावं, याचं काहींना हसू आलं असेल. पण वाटूरसारख्या गावात पंचवीस वर्षे घरी संगणक सांभाळला म्हणजे माणूस निम्मा मेकॅनिक होतोच. उरलेला निम्मा तत्त्वज्ञ आमच्यात आधीपासून होता. त्या दोघांना मिळून जे थोडंफार कळलं, ते आज सांगतो.

1999 साली आम्ही जालन्याहून पहिला संगणक आणला. जीपमध्ये मॉनिटर गोधडीत गुंडाळून. विंडोज 98, रॅम 32 एम.बी., हार्ड डिस्क 4 जी.बी.ची. आज मोबाइलवरचा एखादा लांबलचक व्हिडिओही त्या डिस्कवर मावला नसता. तेव्हा वाटलं होतं, आता जन्मभराची सोय झाली!

मग एकेक सुरू झालं. भारनियमनाचे दिवस. वीज गेली की गेली, आणि येताना दणका देऊन यायची. आपल्याकडे घरात 230 व्होल्टचा पुरवठा असायला हवा, पण असायला हवं आणि असतं यांत फरक आहे, हे मराठवाड्यात वेगळं सांगायला नको. पहिला बळी गेला तो आतल्या पॉवर सप्लायचा, म्हणजे एस.एम.पी.एस.चा. मग यू.पी.एस. घेतला. त्याचं काम तासभर संगणक चालवणं नसतं. केलेलं काम जतन करून नीट बंद करायला पाच-दहा मिनिटं देणं, एवढंच. हे कळेपर्यंत आम्ही त्याच्यावर उगाच रागावत होतो.

पुढे संगणक सुरू होताना नुसता बीप बीप करू लागला. दुरुस्तीवाल्या मुलाने रॅमची पट्टी काढली, शाळेतल्या खोडरबराने तिचे पिवळे दात पुसले, परत बसवली. झाला चालू! त्या दातांवर मळ धरतो आणि संपर्क तुटतो. मग कधीतरी घड्याळ दर वेळी जुनी तारीख दाखवू लागलं. मदरबोर्डवर रुपयाएवढी, 3 व्होल्टची एक बॅटरी असते. वीज नसताना घड्याळ तिच्यावर चालतं. ती संपली की यंत्र काळ विसरतं; फाईली मात्र विसरत नाही, कारण त्या डिस्कवर असतात. माणसाचं म्हातारपणी बऱ्याचदा असंच होतं.

पुढे मदरबोर्डवरचे कपॅसिटर फुगले, बोर्ड बदलला. मॉनिटर बदलला. 2012 साली हार्ड डिस्क बदलली. शेवटी गंजलेली पेटीही बदलली. एक दिवस नातवाने विचारलं, "आजोबा, हा तुमचा पहिलाच कॉम्प्युटर ना?" आम्ही सवयीने "हो" म्हणालो. आणि मग गप्प बसलो. कारण त्यात पहिलं काय उरलं होतं?

हा प्रश्न फार जुना आहे. ग्रीकांनी तो थीसिअसच्या जहाजाबद्दल विचारला. फळ्या एकेक करून सगळ्या बदलल्या, तर जहाज तेच का? आपल्याकडे 'मिलिंदपञ्ह' या पाली ग्रंथात भिक्खू नागसेन ग्रीक राजा मिलिंदाला विचारतो, की तू रथातून आलास ना, मग रथ म्हणजे आस का? चाक का? जू का? राजा प्रत्येकाला नाही म्हणतो. मग रथ कुठे आहे? सगळे भाग एकत्र आले की त्यांना व्यवहारात 'रथ' म्हणतात, एवढंच. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1950 साली औरंगाबादेत काढलेलं मिलिंद महाविद्यालय आणि त्याचा नागसेनवन परिसर, ही नावं याच दोघांची. मराठवाड्यातल्या किती पिढ्या त्या नावांखाली शिकल्या! आम्ही हा संवाद वर्गात अनेकदा शिकवला. पण तो खरा कळला 2012 साली, हार्ड डिस्क गेली तेव्हा.

हार्ड डिस्कच्या आत चकत्या असतात. मिनिटाला 5400 किंवा 7200 फेरे घेतात, आणि वाचणारं टोक त्यांना न टेकता केसाच्या जाडीहूनही कितीतरी कमी अंतरावरून फिरतं. आमच्या डिस्कमधून कट्कट् आवाज येत होता. आम्ही महिनाभर दुर्लक्ष केलं. तो आवाज आला की त्याच दिवशी सगळं दुसरीकडे उतरवून घ्यावं. ही चूक सर्वस्वी आमची.

त्या डिस्कवर आमच्या आईच्या ओव्या होत्या. जात्यावरच्या. 2001 च्या उन्हाळ्यात आई सांगायची आणि आमच्या सौ. वहीत उतरवून घेऊन रात्री टाईप करायच्या. आई 2004 साली गेली. पुढे घर रंगवताना त्या दोन वह्या रद्दीत गेल्या. कुणी टाकल्या? आम्हीच. "संगणकात आहे ना सगळं," असं म्हणून!

नव्या डिस्कवर फाईली आल्या. एक उघडली, तर रोमन अक्षरं, कंस आणि डॉलरच्या चिन्हांची खिचडी. सौ. काही बोलल्या नाहीत. उठून आत गेल्या.

झालं काय होतं, ते समजून घ्या. संगणक अक्षर साठवत नाही, आकडा साठवतो. त्या काळच्या बहुतेक देवनागरी फॉन्टांत रोमन अक्षराच्या आकड्यावर आपल्या 'क'चं किंवा वेलांटीचं चित्र बसवलेलं असे, आणि प्रत्येक फॉन्टची मांडणी निराळी. फॉन्ट गेला की चित्र गेलं, उरलं रोमन अक्षर. 1991 साली इस्की हे भारतीय प्रमाण आलं, त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती आली. युनिकोडमध्ये 'क'चा क्रमांक 2325, जगात कुठेही तोच. पण घरोघरी ते पोचायला बरीच वर्षे लागली. विंडोज एक्स-पीमध्येसुद्धा देवनागरीची सोय वेगळी चालू करावी लागे.

म्हणजे आमचे आकडे शाबूत होते, किल्ली हरवली होती. परतूरला डी.टी.पी.चं काम करणाऱ्या एका जुन्या विद्यार्थ्याकडे तो फॉन्ट निघाला. तो बसवला आणि पडद्यावर आईची ओवी उभी राहिली. आम्ही सौ.ना हाक मारली.

पुढे सगळं युनिकोडमध्ये रूपांतर केलं. त्यात ऱ्हस्व वेलांट्या भलत्या अक्षरांवर गेल्या, कारण जुन्या फॉन्टात ती दिसते तशी अक्षराच्या आधी टाईप होई, आणि युनिकोडमध्ये उच्चाराप्रमाणे नंतर येते. रफाराचं बरोबर उलटं. त्या चुका दुरुस्त करायला यंत्र पुरेना. गल्लीतल्या दोन म्हाताऱ्या बायकांना बोलावलं. त्यांनी पहिला शब्द ऐकून ओवी पुरी केली. एक फाईल मात्र उघडलीच नाही. डिस्कचा तेवढा भाग खराब होता. त्या ओव्या गेल्या. आम्हा दोघांनाही त्यातली एक आठवत नाही.

आता नागसेनाच्या चालीने विचारू या. ओवी डिस्कवर होती का? नुसते आकडे होते. फॉन्टात होती का? नुसती चित्रं होती. आकडे, चित्रं आणि ती ओळखणारा माणूस, तिन्ही एकत्र आले तेव्हा ओवी झाली. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांच्या प्रकल्पात एक लाखाहून अधिक ओव्या जमल्या, त्या गावोगावी बायकांनी गायल्या आणि कुणी तरी बसून ऐकल्या म्हणूनच.

तेव्हा अपग्रेड जरूर करा. आमच्याकडेही आता एस.एस.डी. आहे. त्यात फिरणारं काही नाही, म्हणून ती वेगवान. पण जाताना कट्कट् करून सूचना देईलच असं नाही. विंडोज 10 ची नेहमीची सुरक्षा-दुरुस्ती 14 ऑक्टोबर 2025 ला थांबली. अशी तारीख प्रत्येक प्रणालीला असते. म्हणून जपायच्या गोष्टीच्या तीन प्रती ठेवा, दोन वेगळ्या साधनांवर, आणि त्यातली एक दुसऱ्या गावी. मजकूर युनिकोडमध्येच ठेवा. वर्षातून एकदा प्रत्येक फाईल उघडून बघा. आणि वही रद्दीत घालू नका.

आमच्या घरी दर दिवाळीला त्या ओव्यांची फाईल उघडतो. नातू मोठ्याने वाचतो, अडखळतो, सौ. चाल सांगतात. संगणक तोच आहे की दुसरा, हे त्याने पुन्हा विचारलेलं नाही.

इथेच थांबतो.