नंबर गेला, डोळा तोच

चष्म्याचा नंबर घालवण्यासाठी डोळ्यात बुबुळामागे बसवायच्या आयसीएल भिंगाला अमेरिकेत डिसेंबर २००५मध्ये परवानगी मिळाली, त्याला वीस वर्षं उलटली. परवा तेच भिंग मायनस चारच्या नवरीसाठी 'लग्नसराई सवलत' म्हणून जाहिरातीत दिसलं आणि टाळकं सरकलं.

आधीचा इतिहास पटकन उरकतो. १९५०च्या दशकात इटलीत स्ट्राम्पेल्ली, स्पेनमध्ये बाराकेर यांनी मूळ भिंग न काढता त्याच्या पुढे दुसरं बसवून पाहिलं; कॉर्निया बिघडले, बरीच भिंगं परत काढावी लागली. १९८६च्या सुमारास वोर्स्ट आणि फेश्नर यांनी बुबुळाला चिमटा घेऊन बसणारं, तर मॉस्कोत फ्योदोरोव यांनी बुबुळामागचं भिंग वापरलं.

आमचं दशक त्यानंतरचं, २००५ ते २०१५. गावभर लेसिकचे फलक, आणि आम्हा ढापण्यांना मात्र 'कॉर्निया पातळ आहे' म्हणून वाटेला लावलं जाई. नंबर जितका मोठा तितका लेसर जास्त तासणार, मग उरणार काय? म्हणून हे भिंग. त्यासाठी आधी लेसरने बुबुळाला भोकं पाडायची, म्हणजे डोळ्यातलं पाणी अडत नाही. माप चुकून भिंग मोठं निघालं तर डोळ्याचा दाब वाढे, लहान निघालं तर मूळ भिंगाला टेकून मोतीबिंदू होई. म्हणूनच तेव्हाचे डॉक्टर दहादा मोजत आणि बिनदिक्कत 'नाही' म्हणत. तो नकार आता औषधालाही सापडत नाही.

२०११च्या सुमारास युरोपात भिंगाच्या मधोमध ०.३६ मिलिमीटरचं भोक आलं. ही जपानच्या शिमिझू यांची कल्पना. बुबुळाची भोकं टळली, मोतीबिंदूचं भय ओसरलं. अमेरिकेने हे भिंग २०२२मध्ये स्वीकारलं. तोवर वडोदऱ्यात बनलेली भिंगंही आपल्याकडे बसू लागली होती. शस्त्रक्रिया सोपी झाली आणि दुकानं उघडली.

माझं भिंग बसवणाऱ्या चकचकीत दवाखान्याने नंबर गेल्याबद्दल पुष्पगुच्छ दिला. पण डोळा आतून लांबलेलाच राहतो, पडदा सुटण्याचा धोका तसाच असतो, दरवर्षी बाहुली मोठी करून पडदा तपासायचा, हे तिथे कुणी सांगितलं नाही. ते पुढे सरकारी रुग्णालयातल्या डॉक्टरबाईंनी सुनावलं.

अमेरिकेतली परवानगी मायनस तीनपासून आहे, हे मला ठाऊक आहे. तरी परवानगी म्हणजे गरज नव्हे. मायनस चारला चष्मा पुरतो. भिंग बसलं की कॉर्नियाच्या पेशी मोजत राहणं जन्माचं मागे लागतं, आणि त्या खर्चावर सवलत कुणी देत नाही.