काम झालेला कागद

निवृत्त होऊन मला काही वर्षे झाली, पण कागद टाकून द्यायचा झाला की माझा हात अजून थबकतो. विजेचे जुने बिल असो, आटोपलेल्या लग्नाची पत्रिका असो की औषधाच्या दुकानातली पावती, आधी मी त्यावर पेनने तिरपी रेघ मारतो, मग चार तुकडे करतो आणि मगच टोपलीत टाकतो. आमच्या सौ. या प्रकाराला ‘बँकेने लावलेली खोड’ म्हणतात. त्यांचे खरे आहे. पण त्या खोडीला एक कारण आहे आणि ते मी त्यांनाही कधी नीट सांगितले नव्हते.

गेल्या दिवाळीत भाऊबीजेला बहिणीकडे गेलो होतो. भाचीही आली होती. ही माझी भाची जीवशास्त्रात संशोधन करते. पेशीतल्या आरएनए नावाच्या रेणूंची विल्हेवाट कशी लागते, हा तिचा विषय. फराळाच्या पुड्यावरची पावती मी रेघ मारून फाडत होतो, ते पाहून ती हसली.

“मामा, तू आणि मी एकाच धंद्यातले! काम झालेला कागद नष्ट कसा करायचा, हेच तर मी दिवसभर बघते.”

आणि मग चकलीचे तुकडे बशीत मांडून तिने मला जे समजावले, त्याने माझी त्या रात्रीची झोप गेली.

तिचे सांगणे माझ्या बँकेच्या भाषेत असे. डीएनए हे तिजोरीतले मूळ दस्तऐवज. ते बाहेर काढायचे नाहीत. रोजच्या कामाला त्यांची नक्कल काढायची, ती नक्कल म्हणजे आरएनए. ती पेशीच्या कारखान्यात जाते आणि तिच्यावर लिहिलेल्या हुकुमाप्रमाणे प्रथिने तयार होतात. इथपर्यंत शाळेच्या पुस्तकात असते. पुढचे नसते. हुकूम बजावून झाला की त्या नकलेचे काय? ती तशीच पडून राहिली तर कारखाना तोच माल काढत बसेल. म्हणून पेशी तिला नष्ट करते. जिवाणूंमध्ये ही नक्कल काही मिनिटे टिकते, आपल्या पेशींत बहुधा काही तास. पुण्यात तयार झालेल्या आणि २०२२ साली परवानगी मिळालेल्या कोविडच्या आरएनए लशीचेही तेच. संदेश पोचवायचा आणि संपायचे.

“नष्ट करायला खर्च येत असेल की,” मी म्हणालो.

“येतो ना! पण न करण्याचा खर्च त्याहून मोठा.”

हे वाक्य मला कुणीतरी तेहेतीस-चौतीस वर्षांपूर्वी ऐकवायला हवे होते.

*

१९९१-९२ मध्ये मी मुंबईत फोर्टमध्ये एका बँकेच्या गुंतवणूक विभागात होतो. वय तिशीचे. सरकारी रोख्यांचे व्यवहार आमच्याकडे होत. आज ज्यांना हे सगळे संगणकावर क्षणात होताना दिसते, त्यांना तेव्हाची रीत सांगितली पाहिजे. सरकारी रोख्यांची मालकी रिझर्व्ह बँकेच्या सार्वजनिक कर्ज कार्यालयातल्या वह्यांत हाताने नोंदली जाई. नोंदीला वेळ लागे आणि व्यवहार तर रोज होत. म्हणून बँकांनी एक सोय काढली होती, ‘बँक रिसीट’, आमच्या तोंडी ‘बीआर’. रोखे विकणारी बँक प्रत्यक्ष रोखे देण्याऐवजी एक कागद देई. ‘तुमचे पैसे मिळाले, रोखे तुमचे, ते हाती आले की देतो’ एवढाच त्याचा अर्थ. रोखे दिले की बीआर परत घ्यायची, ‘रद्द’चा शिक्का मारायचा आणि मूळ पुस्तकातल्या अर्ध्या भागाशी जुळवून ठेवायची. कागदाचा जन्म, काम आणि मरण ठरलेले.

घोळ झाला तो मरणाच्या बाबतीत. काम झालेल्या बीआर परत येईनात. काहींच्या मागे रोखे नव्हतेच, पण त्या कागदावर दुसऱ्या बँकेकडून पैसे उचलले जात. मध्ये दलाल असे. एका बँकेचा धनादेश दुसऱ्या बँकेच्या नावे निघे आणि पैसे जमा होत दलालाच्या खात्यात. ते पैसे जात शेअरबाजारात. १९९२ च्या जानेवारीत दोन हजारांच्या आसपास असलेला मुंबईचा निर्देशांक २२ एप्रिलला ४,४६७ वर पोचला. दुसऱ्याच दिवशी, २३ एप्रिलला, ‘टाइम्स ऑफ इंडिया’त सुचेता दलाल यांची बातमी आली आणि हर्षद मेहता हे नाव घरोघरी झाले. २८ एप्रिलला निर्देशांक एका दिवसात बारा टक्क्यांहून अधिक कोसळला. रिझर्व्ह बँकेचे डेप्युटी गव्हर्नर जानकीरामन यांच्या समितीने पुढे हिशेब केला, तेव्हा भगदाड सुमारे चार हजार कोटी रुपयांचे निघाले.

लोकांना वाटते, हा घोटाळा शेअरबाजाराचा. मूळ जखम बँकांच्या कपाटात होती. मेलेले कागद जिवंत म्हणून फिरत होते.

*

भाचीने बशीतला सर्वांत लहान तुकडा उचलला. “आता गंमत ऐक. काही आरएनए अगदी छोटे असतात, जेमतेम बावीस अक्षरांचे. ते स्वतः काही बनवत नाहीत. दुसऱ्या संदेशाला जाऊन चिकटतात आणि म्हणतात, थांब.”

यांना मायक्रोआरएनए म्हणतात. व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रव्हकुन या अमेरिकन शास्त्रज्ञांनी एका मिलिमीटरभर लांबीच्या कृमीत त्यांचा छडा लावला. १९९३ साली त्यांचे निबंध प्रसिद्ध झाले आणि २०२४ साली त्यांना त्यासाठी नोबेल मिळाले. ज्या कृमीत हा छोटा रेणू नसतो, तो वाढीच्या पहिल्याच पायऱ्या पुन्हा पुन्हा चढत राहतो. ‘आता पुरे’ म्हणणारा कुणी नाही, म्हणून.

“म्हणजे हे तुमचे सेबी,” मी म्हणालो.

“हो, पण मामा, सेबीवर कोण?”

इथे तिचे खरे काम सुरू होते. हे छोटे रेणू साधेसुधे मरत नाहीत. अर्गोनॉट नावाचे एक प्रथिन त्यांना कुशीत धरून बसते, त्यामुळे ते कधी कधी कित्येक दिवस टिकतात. संरक्षण आहे तोवर त्यांना हात लावणे अवघड. मग नको झालेला नियंत्रक हटवायचा कसा? पेशीत काही विशिष्ट संदेश असतात. छोटा आरएनए त्यांच्याशी नेहमीपेक्षा जास्त लांबवर जुळला की त्याच्या संरक्षकाचा आकार बदलतो. ते ओळखून झेडस्विम-८ नावाचे प्रथिन त्या संरक्षकावरच नष्ट करण्याची खूण मारते. पेशीची मोडतोड यंत्रणा संरक्षकाला खाऊन टाकते. उघडा पडलेला छोटा रेणू मग आपोआप तुटतो. झेडस्विम-८ चे हे काम २०२० साली उघडकीस आले. उंदरांमध्ये ही यंत्रणा काढून टाकली, तर पिल्ले लहान राहतात आणि जन्माच्या सुमारास दगावतात.

आणखी एक गोष्ट तिने सांगितली, ती मला फार आवडली. आरएनएचे मोठे तुकडे कापणारी विकरे बरीच आहेत, पण शेवटी दोन अक्षरांचे बारीक तुकडे उरतात. ते संपवायला जिवाणूंत एक वेगळेच विकर असते. मोठ्या कापणाऱ्यांनी टाकलेला चुरा गोळा करणारे म्हणा ना. ई. कोलाय जिवाणू त्याच्यावाचून जगू शकत नाही. कारण हा चुरा निरुपद्रवी नसतो. तो नव्या नकलेच्या आरंभी जाऊन बसतो आणि भलत्याच ठिकाणाहून लिखाण सुरू होऊ शकते. संपवला, की त्यातलीच सुटी अक्षरे नव्या कामाला येतात.

*

शेअरबाजाराचे नियमन म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे छापे, दंड आणि मोठ्या माणसांच्या अटका येतात. बँकेत आयुष्य घालवल्यावर मला वाटते, नियमनाचा मोठा भाग याहून पुष्कळ नीरस असतो. काम झालेली देणी-घेणी वेळेवर संपवणे, हेच ते.

जुनी व्यवस्थाही अशीच संपवावी लागते. कोणत्या कंपनीने शेअर किती किमतीला विकायचा, हे दिल्लीत बसून ठरवणारे कंट्रोलर ऑफ कॅपिटल इश्यूज हे कार्यालय युद्धकाळातल्या नियंत्रणातून जन्मले आणि १९४७ च्या कायद्याने कायम झाले. ते १९९२ साली बंद झाले. सेबीची स्थापना १९८८ ची, पण हाती कायदा नव्हता. तो आला १९९२ च्या जानेवारीत वटहुकुमाने आणि एप्रिलमध्ये कायद्याने. म्हणजे पहारेकऱ्याच्या हाती काठी आली त्याच महिन्यात घर फुटल्याचे कळले. शिवाय सरकारी रोखे रिझर्व्ह बँकेच्या अखत्यारीत आणि शेअर सेबीच्या. पैसा मात्र या दोन कुंपणांमधल्या फटीतून गेला.

पुढची तीस वर्षे बारकाईने पाहिली तर एकच धागा दिसतो. सौदा आणि त्याचा शेवट यांतले अंतर कमी करत नेणे. १९९५ मध्ये सरकारी रोख्यांत ‘रोखे द्या, तेव्हाच पैसे घ्या’ ही पद्धत आली. १९९६ च्या कायद्याने डीमॅट आले आणि सह्या न जुळल्याने परत येणारी शेअर सर्टिफिकिटे हळूहळू अडगळीत गेली. सौदा पुरा न करता पुढच्या खेपेला ढकलणारा ‘बदला’ २००१ साली बंद झाला. पाच दिवसांत हिशेब, मग तीन, मग दोन आणि २७ जानेवारी २०२३ पासून सगळ्या शेअरांना दुसऱ्या दिवशी. मोडलेला प्रत्येक दिवस म्हणजे भलतीकडून लिखाण सुरू होण्याची एक संधी कमी. घोटाळे म्हणून संपले नाहीत. माणसाची हाव संपवणारे विकर अजून सापडलेले नाही. पण अर्धमेल्या कागदावर देशाच्या बँका नाचवणे आता पूर्वीइतके सोपे राहिलेले नाही.

*

आता माझ्या रेघेचे कारण.

१९९२ च्या फेब्रुवारीत नोंदवही तपासताना मला चार बीआर अशा दिसल्या, की ज्यांची मुदत कधीच उलटली होती आणि बदल्यात रोखे आले नव्हते. मी साहेबांकडे गेलो. साहेब म्हणाले, “ब्रोकर आणून देईल हो. तुम्ही पुढचं बघा.” नियमाप्रमाणे मी वहीत लाल शाईने शेरा मारायला हवा होता. मी मारला, पण पेन्सिलने. न जाणो, पुसायची वेळ आली तर! मे महिन्यात तपासनीस आले. त्यांनी वही उघडली, चष्मा वर केला आणि एवढेच विचारले, “हे पेन्सिलीनं का?” माझ्यापाशी उत्तर नव्हते. त्या चारपैकी एकीच्या मागे काहीच नव्हते, हे नंतर कळले.

माझ्यावर कारवाई झाली नाही. मी लहान अधिकारी होतो. पण गोष्ट तिथे संपत नाही. त्याच मार्चमध्ये पुण्याहून माझ्या मेहुण्यांचा फोन आला होता. कोथरूडला फ्लॅटसाठी त्यांनी प्रॉव्हिडंट फंडातून साठ हजार काढले होते. “दोन महिने बाजारात फिरवू म्हणतो. तुम्ही बँकेत आहात, तुमचं काय मत?” त्या चार बीआर माझ्या डोळ्यांसमोर होत्या. हा पैसा कुठून येतो आहे, याचा मला वास तरी नक्की आला होता. मी म्हणालो, “भाऊजी, सगळेच घेताहेत.” हेही पेन्सिलनेच म्हणालो, असे म्हणा.

फ्लॅटची नोंदणी रद्द झाली. पुढची अकरा वर्षे बहिणीने भाड्याच्या दोन खोल्यांत काढली. भाची तिथेच, स्वयंपाकघरातल्या ओट्याशेजारी पाट टाकून अभ्यास करत वाढली. मेहुण्यांनी मला कधी एका शब्दाने दोष दिला नाही. देण्यासारखे त्यांना काही ठाऊकच नव्हते. आता ते नाहीत.

भाऊबीजेच्या रात्री हे मी भाचीला आणि बहिणीला सांगितले. बहीण बराच वेळ गप्प होती. मग उठून तिने माझ्यासाठी दूध गरम केले आणि पेला ठेवताना म्हणाली, “तेव्हा सांगितलं असतंस, तर ऐकलं असतं त्यांनी. तुझं ऐकायचे ते.”

यावर बोलण्यासारखे काही नव्हते. पेशीत चूक झाली तर ती रसायनाची चूक असते. तिथे कुणी कुणाला न दुखावण्यासाठी पेन्सिल उचलत नाही. बाजारात आणि बँकेत मात्र प्रत्येक शिक्क्यामागे एक हात असतो आणि त्या हाताला नोकरीची, साहेबांची, नात्याची भीती असते. कायदे कितीही करा, शेवटचा बारीक चुरा गोळा करायला कुणातरी तिशीतल्या अधिकाऱ्याने वेळेवर शाईचे पेन उचलावे लागते.

निघताना भाचीने जुन्या वह्यांचा एक गठ्ठा रद्दीत द्यायला काढला होता. मला म्हणाली, “मामा, रेघा मारायच्यात का?” मी खिशातून पेन काढले. आम्ही दोघे ओट्याशी बसून त्या वह्या संपवत राहिलो. बहीण बघत होती. तिने अडवले नाही.