गोरस आमली की गोरख आमली? सयाजीबागेच्या नोंदींविषयी

बडोद्याची सयाजीबाग, म्हणजे आपली कमाटीबाग, १८७९ साली विश्वामित्रीच्या काठी उभी राहिली. बाग कुणाची, असं विचारलं तर शाळकरी पोरही सांगेल, सयाजीराव महाराजांची. त्यातलं अमुक झाड कुठून आलं, कधी लावलं, असं विचारलं की सगळे गप्प. म्युझियममधला देवमाशाचा सांगाडा प्रत्येकाला आठवतो, छोटी आगगाडी आठवते. मान वर करून झाडं बघणारा विरळाच.

आमच्या मंडळातले आठ-दहा जण गेली काही वर्षं या बागेतली झाडं आणि बागेसंबंधीचे जुने कागद यांच्या नोंदी करून त्या सर्वांना पाहता येतील अशा इंटरनेटवर ठेवत आहेत. हे काम नेमकं कसं चालतं, असं बरेच जण विचारतात, म्हणून हे लिहिते आहे.

झाडाची नोंद दिसते तितकी सोपी नाही. जमिनीपासून साडेचार फुटांवर, म्हणजे १.३७ मीटरवर, खोडाचा घेर मोजायचा. जागेचे अक्षांश-रेखांश घ्यायचे. पान, साल, फूल, फळ या सगळ्यांचे फोटो काढायचे. फूल आणि फळ एका फेरीत सापडत नाही, त्यामुळे एकाच झाडाकडे वर्षातून तीन-चार चकरा होतात. फोटो विकिमीडिया कॉमन्सवर जातात, निरीक्षण आय-नॅचरलिस्टवर. तिथे एक गोष्ट नव्या मंडळींना खटकते. माणसानं लावलेल्या झाडाला ‘रिसर्च ग्रेड’ मिळत नाही, नोंद ‘कॅज्युअल’ म्हणून पडून राहते. म्हणून काही जणांना ‘लावलेलं झाड’ ही खूण करूच नये असं वाटतं. आम्ही ती आवर्जून करतो. नाहीतर उद्या कुणी अभ्यासक आफ्रिकेतली गोरखचिंच विश्वामित्रीकाठी आपोआप उगवते असं धरून चालेल. शिवाय आम्हाला इतिहासात रस असल्यामुळे ‘लावलेलं’ हीच खरी कामाची माहिती. कुणीतरी लावलं म्हणजे कुणीतरी खर्च टाकला, आणि खर्च टाकला म्हणजे कागद झाला.

खरी गंमत या कागदांची. गायकवाडी काळातले जुने हिशेब मोडीत. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, शब्द तोडून लिहायची सवय नाही, आणि बडोद्याचा कारकून लिहिणार मराठीत पण झाडाचं नाव घालणार माळ्याच्या तोंडी असेल ते, म्हणजे बहुतेक वेळा गुजराती. आपण बकुळ म्हणतो, तो इथला बोरसल्ली. आपण चिंच म्हणतो, ती इथली आमली. नुसतं ‘लिंब’ लिहिलं असेल तर देशावरच्या माणसाला कडुनिंब दिसतो आणि दुसऱ्या कुणाला लिंबाचं रोप. ‘अशोक’ लिहिलं असेल तर तो लाल फुलांचा सीताअशोक की आपण लग्नाला तोरणं बांधतो तो आसोपालव, हे कागद सांगत नाही. म्हणून आमच्या तक्त्यात नावाचे चार रकाने आहेत: कागदावर जसं आहे तसं, मराठी, गुजराती आणि शास्त्रीय. पहिल्या रकान्याला हात लावायचा नाही, शुद्धलेखन सुधारायचंसुद्धा नाही.

एका सभासदाच्या घरी त्यांच्या जुन्या बंगल्याच्या रोपांची वही निघाली. तिच्यात एके ठिकाणी ‘गोर’, मग कसरीनं पाडलेलं भोक, मग ‘आमली’. एकानं वाचलं गोरस आमली, दुसऱ्यानं गोरख आमली. एका अक्षराचा फरक, पण झाडं सर्वस्वी वेगळी. गोरस आमली म्हणजे आपली विलायती चिंच, पिथेसेलोबियम डल्से. मूळची मेक्सिको-मध्य अमेरिकेकडची, काटेरी, गुलाबी-पांढऱ्या गराची, शाळेबाहेर मिळते ती. गोरख आमली म्हणजे गोरखचिंच, ॲडनसोनिया डिजिटाटा, आफ्रिकेतला तो पिंपासारख्या बुंध्याचा महावृक्ष. वाद बराच चालला. शेवटी उत्तर त्याच ओळीत पुढे होतं: साठ नग, कुंपणासाठी. विलायती चिंचेचं कुंपण घालतात. साठ गोरखचिंचांचं कुंपण कुणी घालायला गेला तर बंगल्याला जागाच उरणार नाही!

अशा कामात तारखा ताळ्यावर ठेवाव्या लागतात. बागेतल्या प्रत्येक मोठ्या परदेशी झाडाचं श्रेय गुस्टाव्ह हर्मन क्रुम्बिगल यांना द्यायची हल्ली पद्धत पडली आहे. माणूस मोठाच. ड्रेस्डेनजवळचा जन्म, लंडनच्या क्यू उद्यानात उमेदवारी, १८९३ मध्ये महाराजांच्या बागांचा कारभार पाहायला बडोद्यात. पुढे १९०८ च्या सुमारास बंगळुरूच्या लालबागेत गेले आणि १९५६ मध्ये तिथेच वारले. एका जातीचा बहर संपला की दुसरीचा सुरू व्हावा अशी रस्त्याकडेची झाडं लावल्याबद्दल बंगळुरूकर त्यांचं नाव अजून घेतात; बडोद्यातली त्यांची पंधरा वर्षं मात्र आपल्यालाच नीट ठाऊक नाहीत. पण ते आले तेव्हा ही बाग चौदा वर्षांची होती. आणखी मागे जायचं तर १८७९ साली सयाजीराव स्वतः सोळा वर्षांचे, पूर्ण अधिकार त्यांना १८८१ च्या अखेरीस मिळाले. तोवर कारभार दिवाण सर टी. माधवरावांकडे, आणि तेही तंजावरी मराठी परंपरेतले! तेव्हा कागद हाती नसेल तर आम्ही ‘लावणारा’ हा रकाना कोरा सोडतो. घेरावरून वय काढायचा मोहही टाळतो. वर्षावृक्ष इतका झपाट्यानं वाढतो की पन्नास वर्षांचं झाड सहज दीडशेचं वाटावं.

घाई कशाची, असंही विचारतात. ऑगस्ट २०२४ च्या पुरात विश्वामित्री ३५ फुटांच्या वर गेली होती. धोक्याची पातळी २५ च्या आसपास धरतात, म्हणजे बघा. बाग नदीला लागूनच. पूर ओसरल्यावर पडलेलं झाड चार दिवसांत तुकडे होऊन निघून जातं आणि जागा सपाट होते. ज्याची नोंद आहे त्याचे फोटो, घेर, ठिकाण तरी राहतं. ज्याची नाही ते होतं की नव्हतं यावरच पुढे दोन मतं होतात. कागदांचंही तेच. तळमजल्यावरच्या ट्रंकेतली वही एकदा भिजली की मोडी जाणणारा आणूनही उपयोग नाही. म्हणून वही हाती आली की आधी स्कॅन, वाचन नंतर.

क्यू उद्यानाच्या संचालकांचा १८४१ ते १९२८ चा जगभरचा पत्रव्यवहार जपलेला आहे. त्यात बडोद्यासंबंधी काय आहे ते बघायचं काम आता आमच्यातल्या दोघी करणार आहेत. पण त्याआधी तुमच्या घरातलं कपाट उघडलंत तर जास्त फायदा होईल. रोपांच्या पावत्या, माळ्याच्या पगाराच्या वह्या हव्याच आहेत. त्याहून जास्त हवेत ते बागेत काढलेले फोटो: म्युझियमच्या पायऱ्यांवरची शाळेची सहल, बँडस्टँडजवळ उभं नवं जोडपं, असे. फोटोमागे साल लिहिलेलं असेल तर मागची बाजूही स्कॅन करा. आणि चेहरे मोठे दिसावेत म्हणून कडा कापू नका. आम्हाला माणसांच्या मागे काय उभं आहे ते बघायचं आहे.